पाणी वर का चढलं

४ ऑगस्ट, मंगळवार

ढबूबाई यांस,

फोन केला की तू कापतेस. कागद मधेच कापता येत नाही, म्हणून लिहितेय. फाडायचा असेल तर फाड, पण त्यासाठी आधी हातात घ्यावा लागेल, आणि हातात आलेलं न वाचता तू सोडणार नाहीस. लहानपणी औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा मोठ्याने वाचायचीस. एवढी मी तुला ओळखते, आत्या आहे तुझी.

काल तुझा व्हिडिओ पाहिला. मी एकटीने नाही, अख्ख्या सातवीने. मी शाळेत गणवेशाची मापं घ्यायला गेले होते. तुझ्या बापाच्या प्रयोगशाळेत भिंतीएवढा पडदा लावलाय, आणि पडद्याशेजारी तुमच्या कंपनीचा एक टायवाला उभा. चेहऱ्यावर असा आव, की जणू शाळेला वीज यानेच आणली. म्हणतो, "आजपासून विज्ञान मजेत शिकायचं!" मी दाराशी टेप गळ्यात घालून उभी होते, मला हसूच फुटलं. अरे, त्या खोलीत मुलं हसून हसून बाकावरून पडतात ते काय दुःखाने? गेल्या महिन्यात तुझ्या बापाने माझं शिलाई मशीन उचलून वर्गात नेलं आणि दातेरी चाकं शिकवायला उघडून ठेवलं. माझी तीन गिऱ्हाइकं अर्ध्या विजारीवर लटकली. त्याआधी सामानाच्या कपाटाला बारीक भोक पाडून आत सहा सहा मुलं कोंबली. भोकातून बाहेरचं जग आतल्या भिंतीवर उलटं दिसतं म्हणे. मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातून डोक्यावर चालत येताना दिसल्या आणि आतून जो गलका उठला, तो ऐकून बाईंना वाटलं पोरं गुदमरली. वेडा माणूस आहे तो. मी बहीण आहे, मला म्हणायचा हक्क आहे. तो टायवाल्याला नाही.

तर पडद्यावर तू आलीस. पिवळा चकचकीत कोट, डोळे एवढे मोठ्ठे, दर वाक्याला टाळी. "दोस्तांनो, तयार आहात?" अगं, कुणाशी बोलतेस अशी? मुलं म्हणजे बहिरी आहेत की बावळट? मग ताटलीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पालथा काचेचा ग्लास. ज्योत विझली, पाणी ग्लासात वर चढलं. आणि तू नाचत म्हणालीस, "मेणबत्तीने प्राणवायू संपवला, त्याची जागा रिकामी झाली, आणि ती भरायला पाणी वर आलं! जादू नाही, विज्ञान!"

अर्धा वर्ग बाकांवर चढला. "थाप! थाप!"

तुला आठवत असेलच. नसेल तर आठवून देते. तुझा बाप दर तासाला एक थाप मारतो. सरळ चेहऱ्याने, खऱ्याच्या मधे कुठेतरी खपवून. ज्याला सापडेल त्याने बाकावर उभं राहायचं, ओरडायचं आणि नुसतं ओरडून भागत नाही, करून दाखवायचं. दाखवलं की तास संपेपर्यंत सरांच्या खुर्चीत तो बसणार आणि सर त्याच्या बाकावर. घरी तुझ्याबरोबर जेवताना हाच खेळ चालायचा. शाळेत तो नंतर गेला.

पोरांना वाटलं, आजची थाप सरांनी पडद्यावरून मारली. काय युक्ती काढलीय म्हणून खूश झाली बिचारी. टायवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, आता दादा याची चांगली जिरवणार. आणि तुझा बाप उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "खाली बसा. ती बरोबर सांगतेय."

मुलं बसली. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण भावाचा चेहरा कळतो. तो खोटं बोलत होता, आणि कुणी पकडावं असं त्याला वाटत नव्हतं. तुझ्यासाठी, ढबे. आई गेल्यापासून तू ज्याचं तोंड बघितलं नाहीस, त्या माणसाने तुझी बाजू घेतली. तुझी योग्यता नसताना.

व्हिडिओ दुरुस्त कर. एवढंच सांगायचं होतं.

तुझी आत्या


१३ ऑगस्ट, गुरुवार

ढबे,

उत्तर नाही. ठीक आहे. मोठ्या माणसांना वेळ नसतो. कोट इस्त्रीला टाकायचे असतात.

मी सोमवारी तयार गणवेश द्यायला गेले होते. बघते तर वर्गातली ती दोन वेण्यांची पोरगी समोरच्या टेबलापाशी उभी. तिला मी वेणीवाली म्हणते. हिच्या मापाला दरवेळी वेळ लागतो, कारण टेप कशाचा बनवला आणि ताणला तर मापात फरक पडेल का, हे तिला आधी सांगावं लागतं. तिने घरून ताटली आणली होती, ग्लास आणला होता आणि एक नाही, तीन मेणबत्त्या.

आधी एक लावली. ग्लास पालथा घातला. ज्योत हळूहळू बारीक झाली, विझली, आणि विझल्यावर पाणी भसकन चढलं. तिने ग्लासावर पेनाने खूण केली. मग त्याच ग्लासाखाली तिन्ही मेणबत्त्या लावल्या. ग्लास ठेवता ठेवता कडेने बुडबुडे बाहेर आले, मीसुद्धा पाहिले. त्या विझल्या आणि पाणी खुणेच्या कितीतरी वर गेलं.

मग ती म्हणाली, आणि काय शांतपणे म्हणाली बघ, "सर, ग्लास तोच. आत हवा तेवढीच, प्राणवायू तेवढाच. मग तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त का चढलं? आणि प्राणवायू जळला तर त्याच्या जागी दुसरा वायू तयार होतोच ना, जागा रिकामी कुठे होते? ज्योतीने हवा तापली, फुगली, थोडी बुडबुड्यांतून पळाली. विझल्यावर उरलेली गार होऊन आकसली. म्हणून बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. ती व्हिडिओतली ताई थाप मारतेय."

मला समजलं, ढबे. मला! जिला आजवर मशीनचा पट्टा का निसटतो तेही धड कळलं नव्हतं. तुझ्या पिवळ्या कोटाला जे समजावता आलं नाही ते दोन वेण्यांनी समजावलं.

सगळा वर्ग दादाकडे बघत होता. काही पोरं खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत अर्धी उठलीसुद्धा होती. दादा ताटलीवर वाकला, हाताने पाणी ढवळलं आणि म्हणाला, "तुझी ताटली सपाट नाही. प्रयोग चुकला."

पोरीने ताटलीतलं पाणी ओतून टाकलं. मेणबत्त्या उचलल्या, गार होईपर्यंत हातात धरल्या, पिशवीत टाकल्या आणि जागेवर जाऊन बसली. मला वाटलं पुढे होऊन भावाच्या दोन कानफटात द्याव्यात. त्या वयाच्या पोरीसमोर असं वागतात?

आणि आता पुढचं ऐक, कारण ते तुझ्यामुळे चाललंय. त्यानंतर वर्गात कुणी उठत नाही. मी गणवेशाचं निमित्त काढून परत गेले. एकाची बाही उसवली होती, तीही खरं तर मीच आधी कच्ची शिवली होती. दादाने तासाला थाप मारली, अगदी ढोबळ, आंधळ्यालाही दिसेल अशी. म्हणाला, लाकूड पाण्यावर तरंगतं कारण ते लोखंडापेक्षा जड असतं. पोरांनी माना खाली घातल्या आणि वहीत लिहून घेतलं! एकजात सगळ्यांनी. तुझा बाप खडू हातात धरून वाट बघत राहिला. मग त्यानेच म्हटलं, "अरे, कुणालाच काही वाटत नाही?" मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

एवढी वर्षं या माणसाने पोरांच्या डोक्यातून जे काढलं, ते एका ताटलीने परत घातलं. टायवाला मात्र खूश आहे. म्हणतो, वर्गात आता शिस्त आली.

घरी तो नीट जेवत नाही. मी काही विचारलं की "हं" म्हणतो. तुझ्या बापासारखा बडबड्या माणूस "हं" म्हणायला लागला म्हणजे काय समजायचं ते समज.

तुला दोन ओळी लिहायच्या आहेत. चूक झाली म्हणायचं आहे. त्याने तुझा मुकुट काही पडणार नाही. दुसऱ्या कुणी बनवला असता तो व्हिडिओ तर दादाने तिथल्या तिथे पाणी पाजलं असतं. तो तुझा आहे म्हणून गाडं अडलंय.

आत्या


२२ ऑगस्ट, शनिवार

ढबे,

तुझं कार्ड मिळालं. वा! एवढ्या काळानंतर एका ओळीचं कार्ड. "आत्या, हे मला बाबांनीच शिकवलंय, त्यांनाच विचार." ना नमस्कार, ना तब्येत कशी आहे. अक्षर मात्र बापावर गेलंय, मुंग्यांच्या रांगेसारखं.

विचारलं मी. कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि समोर बसले. त्याने वाचलं. उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली.

म्हणाला, "ती थाप होती गं. तिने पकडलीच नाही."

आता नीट ऐक, कारण हे तुला कुणी सांगितलेलं नाही. तुझी आई दवाखान्यात होती ना, शेवटच्या वेळी, तेव्हा तुझ्या परीक्षा चालू होत्या. संध्याकाळी तू पेपर देऊन थेट तिथे यायचीस आणि तू आणि तुझा बाप खालच्या कँटीनमध्ये बसायचात. एका संध्याकाळी त्याने कँटीनवाल्याकडून बशी आणि मेणबत्ती मागून घेतली, चहाचा ग्लास पालथा घातला, पाणी चढवून दाखवलं आणि ही प्राणवायूची थाप मारली. तुझं मन जरा वेगळीकडे लागावं म्हणून. तो थांबला, तू पकडशील म्हणून. तू नेहमी पकडायचीस. तू म्हणालीस, "हो, बरोबर आहे," आणि वरच्या मजल्याकडे बघत बसलीस.

तुझं लक्ष कुठे होतं, हे त्या शहाण्याला कळायला नको? कळलं. आणि कळल्यावर त्याने काय केलं? दुसरी थाप मारली. म्हणाला, आईचे रिपोर्ट चांगले आलेत, ती बरी होतेय. तीसुद्धा तू पकडली नाहीस. रिपोर्ट त्याच्या खिशात होते, डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते.

पुढचं तुला माहीत आहे. शेवटच्या पेपरच्या दिवशी तू आलीस तेव्हा खाट रिकामी होती. तू त्याला विचारलंस, तुम्हाला माहीत होतं? आणि तुझ्या बापाने, माझ्या या विद्वान भावाने, ज्याला हवा का फुगते ते माहीत पण माणसाला काय म्हणावं ते ठाऊक नाही, त्याने तुला म्हटलं, "तुला पकडता यायला हवं होतं."

मी तिथे होते. माझ्या कानांनी ऐकलं. तू बॅग उचललीस ती परत ठेवली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर बॅगेने आधी त्याचं डोकं फोडलं असतं, म्हणून तू गेलीस याचा मला राग नाही. राग आहे तो वेगळाच. तू त्या माणसाला टाकलंस, पण त्याची थाप नाही टाकलीस. ती इतकी वर्षं उराशी बाळगलीस, पिवळा कोट घातलास आणि हजारो मुलांना वाटलीस. एकदाही करून बघावंसं वाटलं नाही? दुसरी मेणबत्ती लावावीशी वाटली नाही? की त्या संध्याकाळचं काही तपासायचंच नाही असं ठरवलं होतंस? खरं सांग, ढबे. मला नाही, स्वतःला सांग.

आणि तो! मी म्हटलं, "दादा, पोरीची चूक आहे हे पोरांसमोर म्हणायला तुझी जीभ का उचलत नाही?" तर म्हणतो, "मी कुठल्या तोंडाने तिला चूक म्हणू?" काय पण तोंड! बायकोच्या आजाराबद्दल खोटं बोलायला होतं, वेणीवालीची ताटली वाकडी म्हणायला होतं, आणि एवढ्यासाठी नाही.

मी दोघांना कंटाळले आहे. एक बाप, एक लेक, दोघांनाही हुशारीचा केवढा माज, आणि दोघांना मिळून एक साधं वाक्य येत नाही.

आत्या


२७ ऑगस्ट, गुरुवार

ढबे,

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, म्हणजे त्याच्या आधी पोचेल. का ते पुढे सांगते.

आज तुझ्या बापाने मला शाळेत बोलावलं. बाही नाही, बटण नाही, काही निमित्त नाही. म्हणाला, "तू दाराशी उभी राहा." पन्नाशी ओलांडलेल्या बहिणीला शाळेत सोडायला बोलावणारा हा पहिलाच विद्यार्थी.

पडदा बंद होता. टायवाला मागे हाताची घडी घालून उभा, मुख्याध्यापिकाबाई खिडकीपाशी. दादा स्वतःच्या खुर्चीत बसला नाही. सरळ जाऊन वेणीवालीच्या बाकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "तुझी ताटली सपाट होती. तुझा प्रयोग बरोबर होता. मी खोटं बोललो."

टायवाला खोकला. कुणी तिकडे बघितलं नाही.

पोरगी म्हणाली, "खेळातलं खोटं, सर?"

"नाही. खरंखुरं."

"का?"

आता हाच प्रश्न मी विचारला तेव्हा मला सरळ उत्तर मिळालं नव्हतं. तिला मिळालं. म्हणाला, "व्हिडिओतली ताई माझी मुलगी आहे. तिला ती चूक मी शिकवली. तिची आई फार आजारी होती तेव्हा. तिला मी आणखीही एक खोटं सांगितलं होतं, याहून मोठं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही."

वर्गात सुई पडली असती तर मला ऐकू आली असती, आणि सुईचा आवाज मला चांगला माहीत आहे. मुख्याध्यापिकाबाई, ज्या व्हरांड्यात नुसत्या चालल्या तरी दहशत बसते, त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. टायवाल्याने मोबाईल काढला. असल्या माणसांना अशा वेळी मोबाईलच आठवतो.

मला वाटलं, झालं, माफी मागून झाली, आता पोरं टाळ्या वाजवतील आणि सगळं पूर्वीसारखं. टाळ्या नाहीत. वेणीवालीने जरा विचार केला. मग म्हणाली, "पण सर, हे आम्हाला सांगून काय उपयोग? ताईला सांगायला पाहिजे ना."

काही उद्धटपणा नव्हता गं तिच्या बोलण्यात. तिला खरंच कळेना, हा माणूस चुकीच्या पत्त्यावर का आलाय.

तुझा बाप उभा होता तसा उभा राहिला. मला त्याची लाज वाटली आणि भरूनही आलं, दोन्ही एकदम. ज्याने आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारायला लावले, त्याला एका पोरीने प्रश्न विचारला आणि तो गप्प. टायवाल्याच्या पुढ्यात. मी मधे पडले नाही. पडायला हवं होतं असं एक क्षण वाटलं, पण म्हटलं, नाही, हे त्याला एकट्याने सोसू दे.

मग तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे." तास तिथेच सोडून घरी आला.

आल्यापासून बॅग भरतोय. सदरे घडी न घालता कोंबलेत, मी एकदा काढून नीट ठेवले, त्याने पुन्हा काढून कोंबले. परवा सकाळच्या गाडीने निघतोय, तुझ्याकडे. तुला कळवू नको म्हणाला, म्हणून मी कळवतेय.

मघाशी माझ्या मशीनसमोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, तिला काय म्हणायचं ते मी आधी तुला म्हणून बघतो. मी पाय थांबवला, कापड बाजूला केलं. त्याने सुरुवात केली: "तुझी आई..." आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर "तुझी" वरच अडला. मी म्हटलं, "दादा, राहू दे, तिथे गेल्यावर सुचेल." तो म्हणाला, "इथे सुचलं नाही तर तिथे कसं सुचेल?" आणि उठून गेला. मी बराच वेळ मशीन चालवलं नाही.

तेव्हा आता माझं ऐक. मी तुला या महिन्यात खूप शिव्या घातल्या, आणि त्यातली एकही मागे घेत नाही. पण हे शिवी नाही. तो दाराशी येईल. आल्या आल्या आईबद्दल बोलणार नाही, ते त्याला जमायचं नाही. आधी हवेबद्दल बोलेल, बुडबुड्यांबद्दल बोलेल, तुझ्या व्हिडिओतला कॅमेरा वाकडा होता असंही म्हणेल. तुझं डोकं फिरेल. फिरू दे. त्याला घाई करू नकोस आणि त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस. आत बसव, पाणी दे, समोर बस.

केव्हातरी तो "तुझी आई" म्हणेल आणि थांबेल. तिथे तू उठू नकोस. मी बसले होते, पण मी बसून काय उपयोग? मला सांगायचं नव्हतं त्याला. कितीही वेळ लागला तरी पुढचं वाक्य येईपर्यंत बस.

ते ऐक. मग हवं तर हाकलून दे, मी त्याला परत घ्यायला स्टेशनवर जाईन.

तुझी आत्या